आडात आहे, पण पोहऱ्यात येईना



मोटार चालू आहे, आवाज नेहमीसारखा येतो आहे, पण उसाला पाणी पोचत नाही. अशा वेळी आपण काय करतो? लगेच मोटार वर काढून तालुक्याला नेत नाही. आधी विहिरीत पाणी किती आहे ते बघतो. मग फूटव्हॉल्व्हला पालापाचोळा अडकला का ते बघतो. मग बांधाबांधाने पाइपलाइन धरून चालत जातो. जिथे ओल दिसेल तिथे फूट. एवढे शहाणपण आपल्याला कोणी शाळेत शिकवलेले नाही.

पण घरातल्या लॅपटॉपला नेट मिळेनासे झाले, की हे शहाणपण कुठे जाते कोण जाणे! कोणी लॅपटॉप पिशवीत घालून तालुक्याचा रस्ता धरतो. कोणी राउटरच्या मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसतो. आणि बहुतेक घरांत आधी शोध लागतो तो गुन्हेगाराचा. "तूच काहीतरी दाबलं असशील!" म्हणून पोरीबाळींवर खेकसणे सुरू होते. दिवसाचा खाडा होतो, गाडीभाडे जाते, दुकानदार एक कळ दाबून पैसे घेतो, आणि घरी आल्यावर पुन्हा तेच. कारण दोष लॅपटॉपात नव्हताच.

पूर्वी हा प्रश्न शहरातल्या लोकांचा होता. २०११ साली केंद्र सरकारने ग्रामपंचायती फायबरने जोडण्याची योजना मंजूर केली, पुढे २०१५ साली तिला भारतनेट हे नाव मिळाले. शिवाय गावोगावचे केबलवालेही आता फायबरची तार घरापर्यंत आणून देतात. महाडीबीटीवरचा ठिबकचा अर्ज, सातबाऱ्याचा उतारा, मुलांच्या सीईटीचा फॉर्म, दूध संस्थेचा हिशेब, अशी कितीतरी कामे आता घरच्या लॅपटॉपवर होतात. आणि नेट बंद पडते ते नेमके शेवटच्या तारखेला. तेव्हा आज आपण ही लाइन पायी चालून बघू. घरात आठवी-नववीपासून पुढचे कोणी मूल असेल, तर हे पान त्याच्या हाती द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. मुलगी असेल तर तिला आधी द्या.

पाणी कुठून कुठे येते

नेटची लाइन तीन टप्प्यांची असते, एवढे लक्षात ठेवले की अर्धे काम झाले.

पहिला टप्पा गावातल्या केबलवाल्याच्या यंत्रापासून आपल्या भिंतीवरच्या डब्यापर्यंत. या डब्याला आपण राउटर म्हणतो. इथपर्यंत केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून प्रकाशाच्या रूपाने नेट येते.

दुसरा टप्पा राउटरपासून लॅपटॉपपर्यंत. इथे तार नसते. रेडिओच्या लहरी असतात. त्यालाच वायफाय म्हणतात.

तिसरा टप्पा लॅपटॉपच्या आतला. आलेले नेट घ्यायचे आणि पडद्यावर पान उघडायचे, हे त्याचे काम.

आता एक मोठा गैरसमज दूर करू. लॅपटॉपवर 'कनेक्टेड' असे इंग्रजी शब्द दिसले, की लोक म्हणतात नेट आले. तसे नसते. 'कनेक्टेड' म्हणजे फक्त दुसरा टप्पा जोडला गेला. राउटर हा आपला हौद आहे असे समजा. हौदाला पाइप जोडला म्हणजे हौदात पाणी आहेच असे होत नाही. विहिरीवरून पाणी आले नसेल, तर पाइप कितीही घट्ट बसवा, कोरडाच राहणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी अर्ज, मग दुरुस्ती

रात्री बारा वाजता मुदत संपत असेल, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. मोबाइलमध्ये डेटा असेल तर त्याचे हॉटस्पॉट सुरू करा आणि लॅपटॉप त्याला जोडा. तेही जमत नसेल, तर फोन चार्जिंगच्या तारेने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉटच्या शेजारी असलेले 'यूएसबी टेदरिंग' सुरू करा. तार डेटा नेणारी हवी. काही स्वस्त तारा फक्त चार्जिंग करतात. या उपायाला वायफाय लागतच नाही. लॅपटॉपचे वायफाय पार मेलेले असले तरी फोनमधले नेट तारेतून येते. अर्ज भरा, पावती जपून ठेवा, आणि दुरुस्तीला उद्या सकाळी बसा.

दोन परीक्षा

सकाळी सर्वांत आधी दोन परीक्षा घ्या. दहा मिनिटांचे काम आहे, पैसा लागत नाही.

पहिली परीक्षा राउटरची. एक मोबाइल घ्या. त्याचा मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका, कारण इथेच बहुतेक जण फसतात. डेटा चालू असला, की राउटर बंद असूनही फोनवर पाने उघडतात, आणि आपण म्हणतो, "फोनवर तर नेट चालतंय, मग लॅपटॉपच बिघडला." डेटा बंद, वायफाय सुरू, आणि राउटरच्या जवळ उभे राहून पूर्वी न उघडलेले एखादे पान उघडा.

दुसरी परीक्षा लॅपटॉपची. दुसऱ्या फोनवर डेटा सुरू करून हॉटस्पॉट लावा आणि लॅपटॉप त्याला जोडून बघा.

निकाल असा वाचावा:

फोनवर घरचे नेट चालत नाही, पण लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालतो. लॅपटॉप निर्दोष आहे. दोष राउटरमध्ये किंवा बाहेरच्या तारेत.

फोनवर घरचे नेट चालते, पण लॅपटॉप हॉटस्पॉटवरही चालत नाही. दोष लॅपटॉपात.

दोन्ही परीक्षा पास, तरी लॅपटॉपला घरचे वायफाय मिळत नाही. मग या दोघांचे आपसात जमत नाही. राउटरही चांगला, लॅपटॉपही चांगला. मधला सांधा बघायचा.

दोन्ही नापास झाले, तर फोनमधला डेटा संपला नाही ना ते पाहून पुन्हा परीक्षा घ्या, आणि सुरुवात राउटरपासून करा.

दोष राउटरकडे असेल तर

पहिली गोष्ट विजेची. लाइट गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालूच राहतो, पण राउटर मरतो. घरात उजेड असला आणि बटण इन्व्हर्टरच्या लाइनवर नसले, तर हे चटकन ध्यानात येत नाही. शिवाय लाइट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू होतो. त्याला जागे व्हायला काही मिनिटे लागतात. तेवढा धीर धरावा.

राउटरचा ॲडॉप्टर बदलला असेल तर त्यावरचा व्होल्टचा आकडा बघा. टीव्हीच्या डब्याचा ॲडॉप्टर भोकात बसतो म्हणून लावून देतात, पण एक १२ व्होल्टचा, दुसरा ९ किंवा ५ व्होल्टचा असू शकतो. राउटरच्या खालच्या चिठ्ठीवर जो आकडा आहे, तोच ॲडॉप्टरवर हवा.

मग दिवे बघा. फायबरच्या राउटरवर 'पी-ओ-एन' अशा अक्षरांखालचा दिवा स्थिर हिरवा असला, म्हणजे बाहेरून प्रकाश नीट येतो आहे. 'एल-ओ-एस' या अक्षरांखालचा दिवा लाल झाला, म्हणजे प्रकाश पोचत नाही. कुठे तरी तार तुटली, दबली किंवा निसटली. घरातल्या तारेवर पलंगाचा पाय आला का, उंदराने कुरतडली का, कोपऱ्यात काटकोनात मोडली का, एवढे बघा. काचेच्या तंतूला तीव्र वाक सोसत नाही. शेजारच्या घरीही लाल दिवा असेल, तर तार रस्त्यावर तुटली आहे किंवा केबलवाल्याकडची वीज गेली आहे. त्याला फोन करून "एल-ओ-एस लाल आहे" एवढेच सांगा. त्याला सगळे कळते. आणि हो, तुटलेल्या तारेच्या टोकात डोळा घालून बघू नका, मुलांनाही बघू देऊ नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

लाल दिवा नाही, 'पी-ओ-एन' हिरवा आहे, तरी नेट नाही? महिन्याचे पैसे भरले का ते बघा. मुदत संपली की वायफाय दिसते, जोडलेही जाते, पण पान उघडत नाही. हे कारण फार साधे म्हणून शेवटी आठवते. ते पहिल्यांदा बघावे.

वायफायचे नावच कोणत्याही फोनवर दिसत नसेल, तर राउटरच्या पाठीला किंवा बाजूला एखादे बटण आहे का बघा. काही राउटरांना वायफाय बंद-चालू करण्याचे वेगळे बटण असते. धूळ झटकताना ते दाबले जाते.

हे सगळे ठीक असेल तर राउटरचे बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा, आणि पाच मिनिटे दुसरे काम करा. बरेच रुसवे एवढ्यानेच जातात.

एक गोष्ट मात्र करू नका. मागच्या बारीक भोकात 'रिसेट' नावाची कळ असते, तिला टाचणी लावू नका. ती कळ दाबून धरली, की केबलवाल्याने त्यात भरलेले आपल्या जोडणीचे नाव आणि पासवर्ड पुसले जाऊ शकतात. मग जे घरच्या घरी सुटले असते, त्यासाठी माणूस येईपर्यंत दोन दिवस वाट बघत बसावे लागते.

दोष लॅपटॉपकडे असेल तर

लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या एखाद्या कळीवर विमानाचे किंवा मनोऱ्याचे चिन्ह असते. ती चुकून दाबली गेली की वायफाय बंद होते. लेकरू मांडीवर असताना, कळपाट पुसताना, केव्हाही होऊ शकते. यात कोणाचा गुन्हा नाही. जुन्या लॅपटॉपना कडेला एक सरकते बटण असायचे, तेही बघा. पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात विमानाचे चिन्ह दिसत असेल तर रोग हाच.

मग लॅपटॉप नव्याने सुरू करा. इथे एक बारकावा आहे. विंडोजमध्ये 'शट डाउन' केले, तरी पुष्कळदा तो पुरता झोपत नाही. लवकर उठता यावे म्हणून काही गोष्टी तशाच लक्षात ठेवतो, आणि बिघाडही लक्षात ठेवतो. 'रीस्टार्ट' निवडले, की सगळे नव्याने सुरू होते. म्हणून बंद-चालू करण्यापेक्षा 'रीस्टार्ट' करावे.

तरीही वायफायचे चिन्हच येत नसेल, तर खाली डाव्या किंवा मधल्या खिडकीच्या चिन्हावर उजवी कळ दाबा आणि 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'नेटवर्क अडॅप्टर्स' या नावाखाली वायफायचे नाव आहे का बघा. नाव आहे पण त्यावर पिवळी खूण आहे, तर ते यंत्र चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बिघडला आहे. त्या नावावर उजवी कळ दाबून 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' करा आणि 'रीस्टार्ट' करा. बहुतेक वेळा विंडोज तो पुन्हा बसवते. 'ड्रायव्हर काढून टाका' अशी वेगळी चौकट समोर आली तर तिच्यावर खूण करू नका. नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायला नेट लागतेच. ते फोनच्या तारेने मिळवता येते, हे वर सांगितलेच आहे.

नाव मुळीच दिसत नसेल, तर आतले वायफायचे कार्ड निसटले किंवा मेले असण्याचा संभव आहे. मग मात्र दुकान गाठावे. पण तिथेही घाई नको. बोटाच्या पेराएवढा यूएसबीचा वायफाय जोड काही शे रुपयांत मिळतो. तो लावला की जुना लॅपटॉप पुन्हा कामाला लागतो. नवा घेण्याचे कारण नाही. कोणी म्हणेल, "विंडोज दहा बंद झाले, म्हणून तुमचे नेट गेले." हे खरे नाही. विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ पासून थांबल्या, त्यामुळे सुरक्षिततेची काळजी घ्यायला हवी, हे खरे. पण तेवढ्याने वायफाय बंद पडत नाही.

दोघांचे जमत नसेल तर

हा प्रकार सर्वांत जास्त छळतो, कारण दोघेही निरोगी असतात.

आधी लॅपटॉप उचलून राउटरजवळ आणा. तिथे चालला, तर प्रश्न अंतराचा आणि भिंतींचा. दगडामातीची दीड-दोन फुटी भिंत, लोखंडी कपाट, पत्र्याची कणगी, पाण्याची टाकी, या गोष्टी लहरी अडवतात. राउटर कपाटामागे किंवा शोकेसच्या आत लपवून ठेवू नका. उंचावर, मोकळ्यावर, घराच्या मध्याजवळ ठेवा.

बऱ्याच राउटरांची दोन वायफाय नावे दिसतात. एक साधे आणि एकाच्या शेवटी '५जी' असे लिहिलेले. हे मोबाइलचे फाइव्ह-जी नव्हे. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी, एवढाच त्याचा अर्थ. या लहरींचा वेग जास्त, पण भिंतीपलीकडे त्या लवकर थकतात. साध्या नावाच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी दूरवर जातात. जुन्या लॅपटॉपना ५ चे नाव दिसतच नाही. म्हणून फोनला दिसणारे नाव लॅपटॉपला दिसेना, तर साधे नाव निवडा.

नाव दिसते, पण जोडले जात नाही? मग जुनी ओळख पुसा. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट', त्यात 'वायफाय', त्यात ओळखीच्या नावांची यादी. आपल्या नावावर 'फर्गेट' करा आणि नव्याने पासवर्ड भरा. राउटरचा पासवर्ड कोणी बदलला असेल, तर लॅपटॉप जुनाच पाठ म्हणत बसतो.

पासवर्ड भरताना चार गोष्टी बघा. एक, 'कॅप्स लॉक' चालू नाही ना. लहान आणि मोठी अक्षरे वेगळी धरली जातात. दोन, 'नम लॉक' चालू नाही ना. काही लहान लॅपटॉपांवर त्यामुळे अक्षरांच्या जागी आकडे उमटतात. तीन, कळपाट मराठीवर तर नाही ना. अर्ज मराठीत भरल्यावर तो तसाच राहतो आणि पासवर्ड भलताच पडतो. खिडकीच्या चिन्हाची कळ धरून लांबट मोकळी कळ दाबली, की भाषा बदलते. चार, शून्य आणि इंग्रजी 'ओ', एक आणि लहान 'एल', यांत गल्लत नाही ना. पासवर्डच्या चौकटीजवळ डोळ्याचे चिन्ह असते. त्यावर दाबले की काय टाइप झाले ते वाचता येते.

राउटर नवा आणि लॅपटॉप जुना असेल, तर आणखी एक कारण संभवते. २०१८ पासून वायफायच्या कुलपाची 'डब्ल्यूपीए-तीन' ही नवी जात आली. राउटर फक्त तिच्यावर लावला असेल, तर जुन्या लॅपटॉपला ते कुलूप उघडता येत नाही. केबलवाल्याला सांगा, "डब्ल्यूपीए-दोन आणि तीन दोन्ही चालतील असे करा." त्याचे दोन मिनिटांचे काम आहे.

जोडले आहे, पण पान उघडत नाही

आता थोडे खोलवर जाऊ. खिडकीच्या चिन्हाची कळ धरून 'आर' दाबा. छोटी चौकट येईल. तीत सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरे टाइप करून 'एंटर' दाबा. काळी खिडकी उघडेल. भिऊ नका, इथे आपण फक्त विचारपूस करणार आहोत. तीत आय, पी, सी, ओ, एन, एफ, आय, जी ही आठ अक्षरे सलग टाइप करून 'एंटर' दाबा. वायफायच्या नावाखाली 'आयपीव्ही-४' अशा ओळीपुढे एक आकडा दिसेल.

हा आकडा म्हणजे घरातल्या लॅपटॉपचा पत्ता. तो राउटर देतो. १९२.१६८ ने सुरू होणारा असेल, तर साधारणपणे राउटरने पत्ता दिला आहे, दुसरा टप्पा ठीक आहे. काही राउटर १० ने सुरू होणारा पत्ता देतात, तेही चालते. पण आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर समजा की राउटरने पत्ता दिलाच नाही. वाट बघून बघून लॅपटॉपने स्वतःच एक पत्ता लावून घेतला. त्या पत्त्यावर नेट येत नाही. उपाय: राउटर बंद-चालू करा, 'फर्गेट' करून पुन्हा जोडा, आणि वायफायच्या सेटिंगमध्ये 'आयपी असाइनमेंट' पुढे 'ऑटोमॅटिक' आहे का बघा. पूर्वी कोणी हाताने आकडे भरले असतील, तर तेच आड येतात.

पत्ता बरोबर आहे? मग त्याच काळ्या खिडकीत पी, आय, एन, जी ही चार अक्षरे, मग एक जागा सोडून इंग्रजी आकड्यांत ८.८.८.८ टाइप करून 'एंटर' दाबा. 'रिप्लाय' अशा ओळी आल्या, म्हणजे घरापासून बाहेरच्या जगापर्यंतची वाट मोकळी आहे. तरीही पाने उघडत नाहीत, तर तीन कारणे तपासा.

पहिले, तारीख. हे कारण जुन्या लॅपटॉपांत हमखास सापडते. पुष्कळ जुन्या लॅपटॉपांत नाण्याएवढी छोटी बॅटरी असते. ती संपली की तारीख मागे जाते. बँकेच्या, सरकारी कामाच्या संकेतस्थळांचे ओळखपत्र ठराविक मुदतीचे असते. लॅपटॉपच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते, म्हणून तो 'हे सुरक्षित नाही' असा इशारा देतो. तारीख आणि वेळ नीट लावा, इशारा जाईल. तारीख बरोबर असूनही इशारा येत असेल, तर त्या पानावर बँकेचा पासवर्ड भरू नका.

दुसरे, 'प्रॉक्सी' किंवा 'व्हीपीएन'. कॉलेजच्या किंवा नोकरीच्या कामासाठी कोणी लावलेले असते आणि काढायचे राहते. सेटिंग्जमध्ये 'नेटवर्क अँड इंटरनेट' खाली दोन्ही सापडतात. बंद करून बघा.

तिसरे, नावांची वही. आपण संकेतस्थळ नावाने मागतो, पण यंत्रांना एकमेकांचे आकडेच कळतात. नावावरून आकडा काढून देणाऱ्या सेवेला 'डीएनएस' म्हणतात. आकड्याला उत्तर येते आणि नावाला येत नाही, तर ही सेवा अडली आहे. राउटर बंद-चालू केल्याने बहुधा सुटते. नाही सुटली, तर केबलवाल्याला "डीएनएस चालत नाही" असे सांगा.

चोरापासून जपा

नेट बंद पडले की फोनवर 'कस्टमर केअर'चा नंबर शोधायची सवय लागली आहे. तिथे सापडलेला नंबर खरा असेलच असे नाही. ठग लोक खोटे नंबर पेरून ठेवतात. फोन लावला की गोड बोलतात, पडदा दाखवणारे ॲप घ्यायला लावतात, आणि आपण बघत असताना खाते रिकामे करतात. नंबर नेहमी बिलावरचा, पावतीवरचा किंवा राउटरवरच्या चिठ्ठीवरचा घ्यावा. नेट दुरुस्त करायला कोणालाही ओटीपी, एटीएमचा पिन किंवा खात्याचा नंबर लागत नाही. तरीही पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी क्रमांकावर फोन करा. जितका लवकर, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

वहीचे एक पान

शेवटी एक काम आजच करा, नेट चालू असतानाच. हिशेबाच्या वहीत एक पान राखून ठेवा. त्यावर लिहा: वायफायचे नाव, पासवर्ड, जोडणीचा ग्राहक क्रमांक, केबलवाल्याचा खरा फोन नंबर, पैसे भरण्याची तारीख, आणि राउटरच्या ॲडॉप्टरचे व्होल्ट. ठीक चालू असताना कोणते दिवे हिरवे असतात तेही लिहून ठेवा, म्हणजे बिघाड झाल्यावर ताडून बघता येईल. वही कपाटात ठेवा. पासवर्ड ओसरीच्या भिंतीवर लिहू नका.

आणि हे पान घरातल्या एकट्या पुरुषमाणसाला माहीत असून भागत नाही. कर्ता शेतावर असतो, मुलगा तालुक्याला असतो, आणि अर्जाची शेवटची तारीख असलेली मुलगी घरी एकटी बंद लॅपटॉपपुढे बसलेली असते. तिला ही लाइन चालून बघता आली पाहिजे. तिने काही दाबले आणि बिघडले, तर रागावू नका. राउटरची 'रिसेट'ची कळ सोडली, तर वर सांगितलेल्या तपासणीत कायमचे बिघडेल असे काही नाही. ओरडा बसला, की मुले पुढच्या वेळी हात लावत नाहीत, आणि मग आयुष्यभर दुकानदाराच्या दारात उभे राहावे लागते.

पुढच्या वेळी नेट गेले, की वहीचे पान उघडा, डेटा बंद केलेला फोन हातात घ्या, आणि हौदापासून चालायला लागा.

रामराम.